वरचं भांडं, खालचं भांडं

"आमच्या खोलीत नळच नाही हो," असं मी त्या सेल्समनला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. दुसऱ्यांदा सांगितलं तर भिंतीत भोक कुठे पाडायचं ते हातवारे करून दाखवायला लागला. मग मात्र माझा आवाज चढला. "अहो दादा, कान आहेत ना? नळ अंगणात आहे, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक. भिंतीला भोक पाडून काय करू, वारा गाळू?"

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. ओट्यावर नुसती ठेवायची, पाइप न लागणारी मशिनं वेगळी असतात म्हणाला आणि आम्हाला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला.

आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा आणि सासूबाई. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणायचे. लग्नानंतर मीही तेच म्हणायला लागले आणि तेच राहिलं. त्या दिवशी तो तोंडाला मास्क लावून एका स्टुलावर बसला होता. डोक्यावर केस नव्हते, शर्ट अंगात नुसता लोंबत होता. त्याला रक्ताचा आजार होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "औषध लागू पडतंय. आता आजाराची भीती कमी आहे, भीती आहे ती जंतूंची. तुम्ही-आम्ही जे पाणी पिऊन ढेकर देतो, ते ह्यांच्या जिवावर बेतेल. उपचार संपेपर्यंत पाणी सांभाळा, बाकी आम्ही बघतो." म्हणजे नवरा वाचवायचा तर मला पाणी सांभाळायचं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी करणार होते. मग कोणी आडवं येवो.

सुरुवातीला आम्ही पाणी उकळायचो. मी गाद्यांच्या कारखान्यात कडा शिवायला जाते, सकाळी बाहेर पडले की संध्याकाळी उगवते. मागे सासूबाई. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण हौस दांडगी. एके दिवशी उकळतं पातेलं उतरवताना सगळं पायावर घेतलं. मी घरी आले तर त्या पाय गार पाण्याच्या बादलीत घालून बसल्या होत्या, आणि वर मलाच म्हणतात, "पाणी सांडलं गं सगळं, परत ठेवते." कपाळाला हात लावला मी. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दोघांना घेऊन दुकानात आले.

सेल्समनने तीन वस्तू मांडल्या. पहिला एक ऐटबाज जग, झाकणात काळी वडी बसवलेला. मी विचारलं, "ह्याने जंतू मरतात?" तो जरा चाचरला. "चव सुधारते ताई." "मग चव त्याला चाटवू? जंतूंचं बोला." जग बाजूला गेला. दुसरं विजेवरचं मशीन, मागे टाकीत हाताने पाणी भरायचं, बटण दाबलं की पुढून शुद्ध पाणी. लगेच मिळतं, पण थोडं पाणी वाया जातं, ते दुसऱ्या टाकीत साठतं, ते ओतून द्यायचं. तिसरं म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन स्टीलची भांडी. वरच्यात पाणी ओतायचं, ते आतल्या पांढऱ्या कॅन्डलमधून थेंबथेंब झिरपून खालच्यात उतरणार, खालच्याला नळाची तोटी. वीज नको, आवाज नाही, काही वाया जाणं नाही. फक्त वेळ लागतो.

"विजेवरचं द्या," मी म्हटलं.

"वीज गेली म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराने काय अंधारात घसा कोरडा करून बसायचं?"

"आई, वीज काय दिवसभर जाते?"

"आणि पाणी ओतून द्यायचं म्हणतोय हा! अंगणातून मी बादल्या वाहून आणायच्या आणि ह्याच्या मशीनने ते गटारात घालायचं? वेड लागलंय का?"

सासूबाईंपुढे पाण्याविषयी बोलायची सोय नव्हती. त्यांनी सारी उमर एका शाळेत पाणी भरायची नोकरी केली. पोरांसाठी मोठी टाकी होती, ती सकाळी भरायची, मधल्या सुट्टीआधी भरायची, शाळा सुटायच्या आधी भरायची. टाकी निम्मी झाली की ह्यांचा जीव वरखाली. एक पोर कधी कोरड्या नळापाशी उभं राहिलं नाही, हे त्या कोणालाही, कुठेही, विषय कुठलाही असला तरी सांगायच्या. सेल्समनलाही सांगितलं. त्याने मान डोलावली, बिचारा करणार काय.

मी पेंटरकडे बघितलं. "तू बोल. पिणार तू आहेस."

तो मास्कच्या आतून म्हणाला, "त्या मशीनची घरघर नको गं. दवाखान्यात दिवसभर मशिनंच ऐकतो." आणि मग माझं तोंड बघून, "तुझं बरोबर आहे. पण आईला जमेल असं घेऊ. दिवसभर तीच असते."

झालं. दोघं एका बाजूला, मी एका बाजूला. मायलेकरांत सून म्हणजे जेवणातला खडा. दोन भांडी उचलली आणि घरी आलो.

मी सासूबाईंना समोर बसवून समजावलं. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं, तोटीतून काढायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. कॅन्डल मी रविवारी धुईन. "कळलं ना?" "अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? शाळेची टाकी सांभाळली मी." त्यांनी ते भांडं पुसून लखलखीत केलं, ओट्यावर मधोमध ठेवलं, आणि आल्यागेल्याला दाखवायला लागल्या. पोराच्या जिवासाठी काहीतरी आपल्या ताब्यात आलं, ह्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मला भीती होती की पाणी पुरणार नाही. थेंबथेंब पडणार, पेंटरला तर डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं. पण काय आश्चर्य, संध्याकाळी घरी यावं तर खालचं भांडं काठोकाठ. कधीही तोटी उघडा, धार जोरात. मी कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगितलं, "उगीच नावं ठेवली गं मी. मंद म्हणता म्हणता सगळ्या घराला पुरतंय." पेंटरचा रंग सुधारत होता. एकदा तर त्याने जुना ब्रश काढून दारावर माझं नाव रंगवायची भाषा केली. मी म्हटलं, आधी वाटीभर भात संपव, मग नाव रंगव.

मग त्याला जुलाब लागले, पाठोपाठ ताप. दवाखान्यात नेईपर्यंत डोळे खोल गेले होते. डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या. "बाहेरचं काही खाल्लं? पाणी कुठलं?" मी छाती ठोकून सांगितलं, पाणी आमचं गाळलेलं, त्याचं नावच काढू नका. मी स्वतः कॅन्डल धुते. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि त्याला आत घेतलं.

त्याला सलाइनवर टाकून मी सकाळी कपडे घ्यायला घरी आले. दार उघडंच होतं. सासूबाई ओट्यापाशी होत्या. वरचं जड भांडं त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळून उचललं, बाजूला ठेवलं, आणि बादलीतलं, अंगणातल्या नळाचं पाणी तांब्याने सरळ खालच्या भांड्यात ओतायला लागल्या. तांब्यावर तांब्या, अगदी मायेने. मग वरचं भांडं परत वर ठेवलं, फडक्याने पुसलं आणि वळल्या तर समोर मी.

"आलीस? कसा आहे तो? मी म्हटलं, येईल तेव्हा भांडं रिकामं नको दिसायला."

मी तांब्याकडे बोट दाखवलं. "हे… हे रोज करता?"

"रोज म्हणजे, खाली गेलं की करते. फार हळू पडतं गं ते मेलं. तोटी उघडली आणि नुसती हवा आली तर? त्याला तहान लागायची तेव्हा लागायची." आणि माझा चेहरा बघून, "काय झालं? वर ओतलं काय, खाली ओतलं काय, शेवटी त्याच भांड्यात जातं ना?"

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. "पोराला स्वतःच्या हाताने विष पाजलंत" असं म्हटलं. "शाळेतली पोरं कशी वाचली देव जाणे" असंही म्हटलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, तांब्या हातात तसाच. शेवटी मी म्हटलं, "आजपासून तुमच्या हातचं पाणी त्याला द्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही. ह्या घरात त्याला पाणी मीच देणार. समजलं?"

"समजलं," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. आजही त्यातला एक शब्द खोटा होता असं मला वाटत नाही. माझा माणूस मरणाच्या दारात पडला होता आणि बाई भांडं पुसत होत्या.

तो वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब बलवत्तर. पण ह्या दुखण्यात त्याचं रक्त फार पातळ झालं होतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "ह्यांना एकट्याने उठू देऊ नका. पाय लटपटतात. पडले, डोक्याला लागलं, तर आत रक्त वाहील आणि ते थांबणार नाही." मी हो हो केलं. दोन भांडी भंगारात घातली आणि मला आधीच हवं होतं ते विजेवरचं मशीन आणलं. आई काय म्हणतील ते विचारलंच नाही. त्यांनीही तोंड उघडलं नाही.

पेंटरला मी सगळं सांगितलं होतं. तो छताकडे बघत म्हणाला, "तिला फार बोललीस का?"

"बोलायचं तेवढंच बोलले."

"अगं, ती वेडी आहे. पाण्याच्या बाबतीत वेडीच आहे ती. सोड आता."

"तू सोड. मला रोज कामावर जायचंय, माझा जीव इथे टांगलेला असतो."

मी सोडलं असं नाही, पण दिवस रेटायचे होते. सकाळी निघताना मशीनचं पाणी मोठ्या बाटलीत भरून त्याच्या उशाशी ठेवायची, संध्याकाळपर्यंत त्याला ते पुरायचं. सासूबाई त्याला भात भरवायच्या, पाय चेपायच्या, अंग पुसायच्या. पाण्याला मात्र हात लावायच्या नाहीत. मशीनजवळून जाताना हात पाठीमागे बांधायच्या. स्वतःला तहान लागली तरी अंगणात जाऊन नळाला ओंजळ लावून प्यायच्या. मला वाटलं, रुसल्यात. रुसोत बापड्या, मला कोणाचे रुसवे काढायला फुरसत नव्हती. पेंटर एकदा मला म्हणाला, "तिला सांग ना, दिलं तरी चालेल. माझं ऐकत नाही ती." मी म्हटलं, "सांगते रविवारी." रविवारी कपडे होते, मशीनची टाकी धुवायची होती. राहिलं ते राहूनच गेलं.

त्या दिवशी उन्हाचा ताव होता. कारखान्यात आमचे फोन दाराशी लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे, सुईखाली बोट जाऊ नये म्हणून. जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता. मी एका जाड गादीची कड मशीनखाली सरकवत होते, तेवढ्यात सुपरवायझर आला. "तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बाई आल्यात दाराशी. घाबऱ्याघुबऱ्या झाल्यात, बघा."

मी मशीन तसंच टाकून धावले. सासूबाई फाटकाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. पायात चप्पल नाही, चेहरा लालभडक, ओठ पांढरे. घरापासून कारखान्यापर्यंत चालत यायचं तर माझ्यासारखीलाही दम लागतो. ह्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, माणसांना विचारत विचारत आल्या होत्या.

"आई! काय झालं? पेंटर कुठंय?"

"घरीच आहे गं. चल लवकर. त्याला पाणी हवंय."

मला कळलंच नाही. "काय?"

"पाणी हवंय त्याला. अंग तापलंय. बाटली सगळी संपवली सकाळीच. आणखी मागतोय. चल, दे त्याला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दाराशी लोक बघत होते, तरी मी ओरडले. "अहो मग द्यायचं ना! मशीन समोर आहे, काठोकाठ भरून ठेवलंय मी! बटण दाबायचं फक्त! एवढं चालत यायचं कशाला?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, काही नाही. लहान पोर मास्तरांकडे बघतं तशा. "तू नको म्हणालीस ना. माझ्या हाताने नको. त्याला पुन्हा काही झालं असतं म्हणजे?"

मी सुपरवायझरला न विचारता रिक्षा थांबवली, त्यांना आत ढकललं आणि बसले. लॉकरमधून फोन काढून आणला होता. त्यावर पेंटरचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. मी लावला तर नुसता वाजत राहिला. "शेजारी कोणाला नाही का सांगायचं?" "सगळ्या दारांना कुलपं गं. कामावर गेलेत सगळे. रस्त्यावरच्या कोणाला बोलावू म्हटलं, पण परक्याचे हात कसे असतील कोणाला माहीत. तो म्हणत होता, आई, दे ना, मशीनमधलंच आहे, काही होत नाही. मी म्हटलं, नको रे राजा, ती येऊन देईल. मी आत्ता आणते तिला. पडून राहा म्हटलं. उठू नकोस म्हणून शपथ घातली." आणि थोडं थांबून, "फार मागत होता गं. ओठ नुसते वाळून गेले होते."

मी त्यांचा हात धरला. कधी धरला ते आठवत नाही, पण धरला होता. मनात एकच चाललं होतं, घरी गेल्यावर पहिली गोष्ट, ह्यांच्याच हाताने त्याला ग्लासभर पाणी द्यायला लावायचं. माझ्यासमोर. आणि म्हणायचं, आई, चुकलं माझं, जाऊ दे आता. इतकं सोपं होतं ते. रिक्षावाला सिग्नलला थांबला तर मी त्याच्यावरही खेकसले.

दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर पायाला ओलं लागलं. मशीन चालू होतं, घरघरत होतं, आणि खाली भांडं नसताना पाणी ओट्यावरून फरशीवर वाहत होतं. पेंटर ओट्याच्या खाली आडवा पडला होता. ग्लास हातातच होता. कपाळाच्या बाजूला ओट्याची कड लागली असावी, जखम एवढीशी, पण कानातून रक्त आलं होतं आणि ते पाण्यात पसरत दारापर्यंत आलं होतं. मी त्याला उताणा केला, हाका मारल्या, गालावर मारलं. नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. अंग अजून तापलेलं होतं. बाकी काही नव्हतं. त्याचे ओठ कोरडेच होते. बटण दाबलं होतं, पण ग्लास भरेपर्यंत तो उभा राहू शकला नाही.

मी उठून मशीन बंद केलं. ते का केलं माहीत नाही. खोली अशी शांत झाली की अंगणातल्या नळाची टपटप ऐकू यायला लागली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, फरशीवर मी आणि तो एवढंच दिसत असावं. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

"झोपला का गं?" त्यांनी विचारलं. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, ओल्या फरशीवर पाय चाचपला, आणि मग त्यांना कळलं. कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. त्या रडल्या नाहीत. भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या आणि माझ्याकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात, परवानगी मागितल्यासारखं म्हणाल्या,

"आता देऊ का गं मी त्याला पाणी?"